बाटी, पाटी, पाणी : भावी शिक्षकांस चार शब्द

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमची एक माजी विद्यार्थिनी आम्हांस भेटावयास आली. बारावीनंतर तिनें अध्यापक विद्यालयांत नांव घातलें असून प्राथमिक शाळेंत शिक्षिका होण्याचा तिचा मानस आहे. "गुरुजी, 'माझी अध्यापनाची दृष्टि' ह्या विषयावर निबंध लिहून न्यावयाचा आहे; काय लिहूं?" असें तिनें विचारलें. त्या वेळीं तिला जें सांगितलें, तेंच येथें थोडें विस्तारानें मांडीत आहों. कारण आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण उद्यां ह्याच कामांत पडणार आहेत, आणि ज्यांचीं लेंकरें पहिलींत बसतात त्या पालकांचाही ह्या गोष्टीशीं निकट संबंध आहे.

प्रथम आमचीच एक चूक सांगतों. सुमारें वीस वर्षांपूर्वीं, शिक्षण पुरें करून, आम्ही नांदेड जिल्ह्यांतील एका खेड्यांत पहिलीच्या वर्गावर होतों. एके दिवशीं भाकरीचें चित्र दाखवून "हें काय?" असें विचारतांच तांड्यावरून येणारा एक मुलगा ताडकन् उभा राहून म्हणाला, "बाटी!" सारा वर्ग हसला. आम्हीही "चूक, भाकरी म्हण" असें सांगून पुढच्या मुलाकडे वळलों. तो मुलगा खालीं बसला, तो दिवाळीपर्यंत वर्गांत पुन्हां बोलला नाहीं. आमच्या वहींत त्याच्या नांवापुढें 'मंद' असा शेरा पडला. पुढें कांहीं कामानिमित्त तांड्यावर जाण्याचा योग आला, तेव्हां तोच मुलगा शेळ्या मोजून कोंडीत असून धाकट्या बहिणीस भराभर कांहीं सांगत असलेला आम्हीं पाहिला. त्याच्या आईनें आमच्यापुढें ताट ठेवून "बाटी खा, गुरुजी" म्हटलें. बंजारा बोलींत भाकरीस बाटी म्हणतात, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. मुलाचें उत्तर अगदीं बरोबर होतें. अज्ञान आमचें होतें, आणि मंद ठरला तो.

ह्यावरून जो धडा मिळाला तो असा : सहा वर्षांचें मूल शाळेंत येतें तें कोरें येत नाहीं. एक सबंध भाषा त्यानें आईच्या कडेवर बसूनच मिळविलेली असते. तिच्यांत तें मोजतें, भांडतें, गोष्ट सांगतें, हट्ट धरतें. शिक्षकानें ह्या भांडवलावर शाळेची भाषा उभी करावयाची असते. तें भांडवल चुकीचें म्हणून टाकून दिलें, तर मुलाजवळ उरतें तें केवळ मौन.

आपल्या नांदेड व लातूर जिल्ह्यांत तर ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेविली पाहिजे. देगलूर-बिलोलीकडे घरांघरांत तेलुगु ऐकूं येते, उदगीर-निलंग्याकडे कानडी, किनवट-माहुराच्या डोंगरांत गोंडी व कोलामी, तांड्यांवर बंजारा, आणि बहुतेक प्रत्येक मोठ्या गांवांत उर्दू. मराठी घरांतील मूलही "काय करलालास?" असें विचारतें, पण पुस्तकांत "काय करत आहेस?" असें वाचतें. पाठ्यपुस्तक मात्र प्रमाण मराठीचें.

परक्या भाषेंतून शिकण्याचें दुःख आपल्या प्रांतास नवें नाहीं. निजामाच्या हैदराबाद संस्थानांत राज्यकारभार उर्दूंत चाले. १९१८ सालीं स्थापन झालेलें उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचें होतें, आणि सरकारी शाळांतील वरच्या इयत्ता त्याच भाषेंतून शिकविल्या जात. ह्यांत त्या गोड भाषेचा दोष नव्हता. परंतु घरीं मराठी बोलणाऱ्या मुलास इतिहास आणि गणित दोन्ही परक्या शब्दांतून गिळावें लागे. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचें नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ हे प्रथम शिक्षक होते व हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं ती राजवट संपली. आपल्या आजोबांच्या पिढीनें जें सोसलें, तेंच तांड्यावरच्या मुलास आपल्या हातून सोसावें लागूं नये, एवढें तरी आपण पाहिलें पाहिजे. कायद्याचाही रोख हाच आहे. १९५६ सालीं राज्यघटनेंत घातलेल्या ३५०-अ ह्या कलमांत, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याच्या सोयी करण्याविषयीं सांगितलें आहे. आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यांत शिक्षणाचें माध्यम शक्य तितकें मुलाची मातृभाषा असावें असें म्हटलें आहे.

आतां कोणी विचारील कीं, एका शिक्षकानें पांच भाषा कशा शिकाव्या? तितकें करण्याची गरज नाहीं. वर्गांतील प्रत्येक भाषेंतले वीस-पंचवीस शब्द पहिल्या महिन्यांत मुलांकडूनच शिकून घ्यावे : घर, पाणी, भाकरी, आई, ये, बस, दुखतें, भूक लागली. मुलानें आपल्या भाषेंत उत्तर दिलें तर प्रथम तें स्वीकारावें, आणि मग त्याचा मराठी जोडीदार शेजारीं ठेवावा. 'चूक' हा शब्द तेथें उच्चारूं नये. आपल्या गुरुजींस एक शब्द आपण शिकविला, ह्या आनंदानें मुलाची जीभ मोकळी होते.

वाचन शिकवितांनाही हाच क्रम उपयोगीं पडतो. तांड्यावरून परत आल्यावर आम्हीं फळ्यावर 'बाटी' हा शब्द लिहिला व त्या मुलास जवळ बोलाविलें. मग 'ब' पुसून तेथें 'प' घातला : 'पाटी' झाली. नंतर 'ट' च्या जागीं 'ण' घातला : 'पाणी' झालें. काना व दुसरी वेलांटी जागच्या हाललीं नाहींत. पाणी हा शब्द त्याच्या बोलींतही आहे, म्हणून त्यास अर्थ पुसावा लागला नाहीं. ह्याच चार अक्षरांतून बाप, बाण, पाट, बी असे शब्द निघाले. सगळी मुळाक्षरें घोकून होईपर्यंत थांबण्याचें कारण पडलें नाहीं; अर्थ असलेला शब्द पहिल्याच दिवशीं हातांत आला.

अंकांच्या बाबतींत तर परभाषी मूल कधीं कधीं पुढेंच असतें. मराठींत 'एकवीस' म्हणतांना एक आधीं येतो, लिहितांना मात्र २ आधीं. म्हणून मुलें २१ च्या जागीं १२ लिहितात. तेलुगूंत 'इरवै ओकटि' व कानडींत 'इप्पत्तोंदु' असा वीस-एक हाच क्रम असतो. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणितांत 'वीस एक' अशी वाचनपद्धति आली तेव्हां मोठा वाद झाला. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. परंतु अडचण कोठें आहे हें शिक्षकास ठाऊक असलें, तर दहा चिंचोक्यांचे दोन ढीग व वर एक चिंचोका मांडून ती दूर करितां येते.

साधनांसाठीं पैसा लागतो, असेंही नाहीं. १९४५ सालीं ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं बोर्डी येथें खेड्यांतील बालकांसाठीं काम सुरू केलें. माँटेसरीचीं महाग साधनें तेथें परवडणारीं नव्हतीं. म्हणून त्यांनीं खडे, बिया, शिंपले, पानेंफुलें हींच साधनें केलीं. मूल शाळेंत येत नाहीं, तर शाळेनें त्याच्या अंगणांत जावें, हा त्यांचा विचार. आणि पुढें कोसबाडास गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं त्यांनीं कुरणशाळाही चालविली.

पालकांस आमचें सांगणें एवढेंच : मूल मागें पडेल ह्या भीतीनें घरची भाषा बंद करूं नका. तिच्यांत त्यास गोष्टी सांगा, हिशेब करावयास लावा. आणि शिक्षकांस भेटाल तेव्हां आपल्या घरांतील शब्द त्यांस निःसंकोच सांगा. शाळेनें मराठी उत्तम शिकवावी, ती प्रत्येक मुलाच्या हक्काची आहे. पण घरच्या भाषेचें दार लावून ती शिकवूं नये.

तो मुलगा पुढें वाचावयास शिकला. परंतु पहिलीचें अर्धें वर्ष आम्हीं त्याचें घालविलें, तें त्यास परत देतां आलें नाहीं. तुम्हांपैकीं जे शिक्षक होतील, त्यांनीं पहिल्याच दिवशीं मुलाचा शब्द ऐकून घ्यावा, इतकी विनंति करून हा लेख पुरा करितों.