मतदार ओळखपत्र आणि न्यायालये: अमेरिकेतील वाद

मतदान केंद्रावर कोणते ओळखपत्र मागायचे, हे अमेरिकेत प्रत्येक राज्य आपापले ठरवते. भारतात निवडणूक आयोगच मतदाराला कार्ड देतो. अमेरिकेत देशभर चालणारे असे एक कार्डच नाही. तरीही ‘अमेरिकेत कुणीही उठावे आणि मत देऊन यावे’ हा समज चुकीचा आहे. पन्नासपैकी सुमारे 36 राज्ये कोणत्या ना कोणत्या स्वरूपात ओळखीचा पुरावा मागतात.

न्यायालये असे कायदे सरसकट मोडीत काढतात, हाही गैरसमज. छायाचित्राचे ओळखपत्र सक्तीचे करणारा इंडियाना राज्याचा 2005 चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 28 एप्रिल 2008 रोजी 6 विरुद्ध 3 मतांनी कायम ठेवला. मुख्य निकालपत्र उदारमतवादी मानल्या जाणाऱ्या जॉन पॉल स्टीव्हन्स यांचे होते. मतदान केंद्रावर दुसऱ्याच्या नावाने मत दिल्याचा इंडियानातला एकही दाखला न्यायालयापुढे नव्हता, हे त्यांनीच नोंदवले; पण मतदारांना किती त्रास होईल याचाही पुरेसा पुरावा त्यांना दिसला नाही. तो त्रास आठ दिवसांतच दिसला. साउथ बेंडजवळच्या एका मठातल्या सुमारे डझनभर वृद्ध नन मतदान न करताच परतल्या. वाहन चालवण्याचे वय केव्हाच उलटलेले, म्हणून वाहन परवानाही नाही. कुणाकडे पासपोर्ट होता, तर त्याची मुदत संपलेली. त्यांना परत पाठवणे ज्या कर्मचारी महिलेला भाग पडले, ती त्यांच्याच मठातली नन होती. राज्य कार्ड मोफत देत असे, पण त्यासाठी लागणारा जन्मदाखला विकत घ्यावा लागे.

म्हणून खरा प्रश्न कोणता कागद चालतो, हा आहे. टेक्सासच्या 2011 च्या कायद्यात पिस्तूल बाळगण्याचा परवाना चालत होता, विद्यापीठाचे ओळखपत्र चालत नव्हते. नॉर्थ कॅरोलिनाच्या आमदारांनी कोणत्या वंशाचे लोक कशा पद्धतीने मतदान करतात याची आकडेवारी आधी मागवली आणि मग गोऱ्यांकडे अधिक असणारी ओळखपत्रेच ग्राह्य ठेवली. हा भेदभाव हेतुपुरस्सर असल्याचे सांगत संघराज्याच्या अपील न्यायालयाने 2016 मध्ये तो कायदा रद्द केला. अशा कायद्यांनी एकूण मतदान मोठ्या प्रमाणात घटते, हे मात्र सिद्ध झालेले नाही. कांतोनी आणि पोन्स या संशोधकांना 2008 ते 2018 या काळात तशी घट आढळली नाही. अर्थात, सरासरीत त्या नन दिसत नाहीत.

असे निकाल आले की न्यायाधीश कायद्याऐवजी स्वतःची मते लादतात, असा आरोप होतो. त्यासाठी वापरला जाणारा ‘न्यायालयीन सक्रियता’ हा शब्दप्रयोग इतिहासकार आर्थर श्लेसिंजर (धाकटे) यांनी 1947 मध्ये ‘फॉर्च्यून’ मासिकात रूढ केला. हा आरोप फक्त उदारमतवादी न्यायाधीशांनाच लागू होतो, असे अनेकांना वाटते. पण 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयातील परंपरावादी न्यायाधीशांनी 5 विरुद्ध 4 मतांनी मतदान हक्क कायद्याचे एक महत्त्वाचे कलम रद्द केले. 2006 मध्ये सिनेटने त्याच कायद्याला 98 विरुद्ध 0 मतांनी मुदतवाढ दिली होती. कलम पडले त्याच दिवशी टेक्सासने त्या कलमामुळे अडकलेला आपला ओळखपत्र कायदा लागू झाल्याचे जाहीर केले. नॉर्थ कॅरोलिनात याहून स्पष्ट उदाहरण आहे. तिथल्या राज्य सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये नवा ओळखपत्र कायदा रद्द ठरवला आणि एप्रिल 2023 मध्ये तोच वैध ठरवला. कायदा तोच होता, राज्यघटनाही तीच. मधल्या काळात निवडणुकीने न्यायाधीश बदलले होते.