दुबईत फ्लॅट घेताय? आधी पैशांचा मार्ग बघा

गेल्या आठवड्यात एक काका दुबईतल्या फ्लॅटचं ब्रोशर घेऊन ऑफिसात आले. "बुकिंगचे पैसे क्रेडिट कार्डवर भरून टाकू?" त्यांना तिथेच थांबवलं.

परदेशातली स्थावर मालमत्ता हा फेमाच्या (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या) दृष्टीने भांडवली व्यवहार. भारतात राहणाऱ्याने पैसे पाठवायचे ते रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली, बँकेत ए-२ फॉर्म भरून आणि त्यात खरं कारण लिहून.

मर्यादा माणशी, एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलर. नवरा-बायको मिळून घेत असतील तर दोघांची मर्यादा एकत्र वापरता येते.

वर्षाला 10 लाख रुपयांपुढच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर) कापते. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. बजेटमध्ये ही रक्कम धराच.

दुबईत परदेशी माणसाला मालकी मिळते ती ठरवून दिलेल्या फ्रीहोल्ड भागांत, उदाहरणार्थ दुबई मरीना. तिथल्या 2007 च्या कायद्यानुसार, बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाचे हप्ते एस्क्रो खात्यातच (प्रकल्पासाठी राखीव खात्यातच) जायला हवेत. एजंट दुसरा खाते क्रमांक देत असेल तर सरळ उठून या. शिवाय लँड डिपार्टमेंटची 4 टक्के फी असते.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: भाडं शून्य असलं तरी रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये ही मालमत्ता दाखवावीच लागते. लपवली तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो.

काही शंका असेल तर कमेंटमध्ये विचारा. टोकन देण्याआधी विचारा.