चिनी पारंपरिक वैद्यक : एक ओळख

चिनी वैद्यकाची मूळ मांडणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या ग्रंथात आढळते. ‘यिन’ आणि ‘यांग’ या परस्परपूरक तत्त्वांचा समतोल म्हणजे आरोग्य. ‘ची’ ही जीवनशक्ती शरीरातील ठरावीक मार्गांनी वाहते आणि ती अडली की व्याधी उद्भवते, अशी तेथील धारणा आहे. काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू व जल ही त्यांची पाच तत्त्वे आपल्या पंचमहाभूतांची आठवण करून देतात. मात्र त्यांत वायू व आकाश नाहीत. जीभ पाहून आणि दोन्ही मनगटांवर तीन-तीन ठिकाणी नाडी तपासून निदान केले जाते.

उपचारांपैकी सुया टोचण्याची अ‍ॅक्युपंक्चर पद्धती सर्वांना ऐकून ठाऊक असते. वाळलेल्या पाल्याचा शेक, मर्दन आणि आपल्याकडे ज्याला ‘तुंबडी लावणे’ म्हणतात तो प्रकारही तेथे रूढ आहे. परंतु या वैद्यकाचा खरा भार वनौषधींच्या काढ्यांवर आहे.

त्यातील एका वनस्पतीची कथा मुद्दाम सांगण्याजोगी आहे. आपल्या दवण्याच्याच जातकुळीतील ‘छिंगहाव’ ही वनस्पती हिवतापावर देत असत. पण तू यूयू या संशोधिकेला तिच्या अर्काचा गुण कधी येई, कधी येत नसे. चौथ्या शतकातील गे होंग या वैद्याच्या ग्रंथात मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा, असे तिला आढळले. उकळण्याचा उल्लेखच नव्हता! उष्णतेने गुण नष्ट होत असावा, असे ताडून तिने कमी तापमानाला अर्क काढला. १९७१ मध्ये प्राण्यांवरील प्रयोग यशस्वी झाले. पुढील वर्षी तिने तो अर्क प्रथम स्वतः घेतला. त्यातून आर्टेमिसिनिन हे औषध मिळाले आणि २०१५ मध्ये तिला नोबेल पारितोषिक लाभले. ग्रंथाने दिशा दाखवली, निर्णय मात्र प्रयोगाने दिला, हे येथे महत्त्वाचे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. १९९० च्या दशकारंभी बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या औषधात नामसाधर्म्यामुळे भलतीच चिनी वनस्पती मिसळली गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हा समज आपल्या घरांतही आहे, म्हणून ही घटना पालकांनी विसरू नये. अ‍ॅक्युपंक्चरने काही जुनाट वेदनांत आराम पडतो, असे अभ्यासांत दिसते. पण त्याच्या भरवशावर मधुमेहाची वा क्षयाची औषधे थांबवणे घातक आहे.

१९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. १९४२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू पुढे चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते उपचार सुरू केले.