सैन्यातील हवालदार

'हवालदार' म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येते? हा प्रश्न वर्गात विचारला, की बहुतेक मुले म्हणतात, "चौकात शिट्टी वाजवणारा पोलीस!" उत्तर अगदीच चूक नाही. पण पोलिसांतही शिपाई वेगळा आणि हवालदार वेगळा. आपण मात्र सरसकट सगळ्यांनाच हवालदार म्हणून टाकतो. आज आपण भारतीय भूसेनेतील हवालदाराची ओळख करून घेऊ.

आधी शब्द पाहू. उर्दू शिकणाऱ्या तुम्हां मुलांना तो चटकन उमगेल. 'हवाला' म्हणजे सोपवणे आणि 'दार' म्हणजे बाळगणारा. मराठीतही 'हवाली करणे' असे आपण म्हणतो. ज्याच्या हवाली काही काम किंवा काही माणसे केली आहेत, तो हवालदार. 'सिपाह' म्हणजे फौज. त्यावरून सिपाही आणि मराठीत शिपाई. 'नाईक' हा शब्द मात्र संस्कृत 'नायक' यावरून आला. शिवाजी महाराजांच्या घोडदळात पंचवीस स्वारांवर एक हवालदार असे आणि पाच हवालदारांवर एक जुमलेदार. गडाचा कारभार पाहणाऱ्यालाही हवालदारच म्हणत.

आता आजच्या सैन्याकडे येऊ. सैन्यातील अधिकाऱ्याला राष्ट्रपतींकडून सनद मिळते. तिला 'कमिशन' म्हणतात. लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर हे असे अधिकारी. पण ज्यांना ही सनद नसते, तरीही ज्यांच्या हाताखाली जवान असतात, त्यांना 'नॉन-कमिशन्ड ऑफिसर' म्हणतात. ते बहुधा साधे जवान म्हणून भरती होतात आणि अनुभव, शिस्त व परीक्षा यांच्या बळावर वर चढतात. त्यांचा हुद्दा बाहीवरील फितींवरून ओळखता येतो. फीत इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी असते. एक फीत असेल तर लान्स नाईक, दोन असतील तर नाईक आणि तीन असतील तर हवालदार. रणगाडा दलात याच हुद्द्यांना लान्स दफादार, दफादार अशी घोडदळाच्या काळातील नावे अजून आहेत.

हवालदाराच्या वर नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर असतात. त्यांना कनिष्ठ दर्जाचे का होईना, पण कमिशन असते. म्हणून ते या गटात मोडत नाहीत. नायब सुभेदाराला १९६५ पर्यंत जमादार म्हणत.

हवालदाराचे काम काय? पायदळात सुमारे दहा जवानांच्या तुकडीला 'सेक्शन' म्हणतात. तिचा प्रमुख हवालदार किंवा नाईक असतो. कोणाच्या बुटाचा तळ फाटला आहे, कोणाची बंदूक नीट साफ झालेली नाही, कोणाच्या घरून वाईट बातमीचे पत्र आले आहे, हे सगळे त्याला ठाऊक असावे लागते. वरून हुकूम येतो, "ती टेकडी घ्या." टेकडीवर कोण कोणत्या बाजूने चढेल, कोण मागून गोळीबार करील, हे त्या दहा जणांना समजावून सांगतो तो सेक्शनचा प्रमुख. आणि सांगून तो मागे थांबत नाही, त्यांच्याबरोबर चढतो.

नवीन लेफ्टनंट बावीस-तेवीस वर्षांचा असतो. त्याच्या हाताखालच्या हवालदाराची नोकरी बारा-पंधरा वर्षे झालेली असते. हुकूम लेफ्टनंटचाच चालतो. पण शहाणा लेफ्टनंट हवालदाराचे म्हणणे आधी ऐकून घेतो. शिकाऊ जवान तर आपल्याला शिकवणाऱ्या हवालदाराला 'उस्ताद' अशीच हाक मारतात. मला स्वतःला ही हाक 'सर' पेक्षा गोड वाटते.

आपल्या रायगड जिल्ह्यातील यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फन्ट्रीत नाईक होते. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी, इटलीत त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याशिवाय सेक्शनमधील प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. हुकूम देण्यासाठी कोणी उरले नव्हते. घाडगे एकटेच धावत गेले आणि त्यांनी ती मशीनगन बंद पाडली. तेथेच शत्रूच्या गोळ्यांनी त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

अब्दुल हमीद हे नाव तुम्ही ऐकले असेल. ते उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्याचे. ग्रेनेडियर्सच्या चौथ्या बटालियनमध्ये ते 'कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार' होते. म्हणजे कंपनीचे धान्य, कपडे, दारूगोळा यांचा हिशेब त्यांच्या हवाली होता. परंतु त्यापूर्वी रणगाडाविरोधी तोफ चालवण्यात ते तरबेज झाले होते. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात गरज पडताच हिशेबाची वही बाजूला राहिली आणि तोफ पुन्हा त्यांच्याकडे आली.

ही तोफ जीपवर बसवलेली असे. तिच्यात एक मोठी अडचण होती. गोळा सुटताच तिच्या मागून आग आणि धुराळा उसळे. त्यामुळे ती कोठे आहे, हे शत्रूला लगेच कळे. म्हणून एक गोळा मारला की जागा बदलावी लागे. १० सप्टेंबर रोजी पंजाबमधील खेमकरण भागात पॅटन रणगाडे चालून आले. हमीद यांनी जीप बाजूला नेऊन सर्वांत पुढचा रणगाडा निकामी केला, झटकन जागा बदलली आणि दुसरा पेटवून दिला. आता शत्रूने त्यांना हेरले होते. जीपवर चहूकडून मारा सुरू झाला. तरीही ते आणखी एका रणगाड्यावर गोळे डागत राहिले. तेवढ्यात एका स्फोटक गोळ्याने त्यांचा प्राण घेतला. त्या वेळी त्यांचे वय बत्तीस वर्षांचे होते.

त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र जाहीर झाले. २६ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी ते पदक त्यांच्या पत्नी रसूलन बीबी यांच्या हाती दिले. हे पदक आतापर्यंत एकवीस वीरांना मिळाले आहे. त्यांपैकी पाच जण लान्स नाईक, नाईक किंवा हवालदार होते.