निर्देशिका-सूची
निर्देशिका-सूची : संगणकाच्या साठवण माध्यमावरील फाइलींची नावे व त्यांविषयीची माहिती कळफलकावरून आज्ञा देऊन पडद्यावर किंवा कागदावर उतरवून घेण्याची क्रिया, तसेच या क्रियेने मिळणारी यादी. यूनिक्स व लिनक्स या परिचालन प्रणालींत हे काम ‘एलएस’ या आज्ञेने, तर एमएस-डॉस व विंडोज यांच्या आज्ञा-ओळीवर ‘डीआयआर’ या आज्ञेने करतात. डिरेक्टरी म्हणजेच निर्देशिका ही फाइली ठेवण्याची पेटी होय, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती सोयीची असली, तरी यूनिक्स प्रणालीच्या बाबतीत बरोबर नाही आणि यादीचा चुकीचा अर्थ लावला जाण्याचे ते एक मुख्य कारण आहे.

एकाच संगणकावर अनेकजण एकाच वेळी काम करू लागले, तेव्हा प्रत्येकाला आपल्या फाइलींची यादी मागण्याची गरज निर्माण झाली. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९६१ मध्ये प्रथम दाखविण्यात आलेल्या सीटीएसएस या कालविभाजन प्रणालीत यासाठी ‘लिस्टएफ’ ही आज्ञा होती. तिच्यानंतरच्या मल्टिक्स प्रणालीत ‘लिस्ट’ ही आज्ञा आणि ‘एलएस’ हे तिचे संक्षिप्त रूप आले. बेल लॅबोरेटरीजमध्ये केन टॉम्सन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून विकसित केलेल्या यूनिक्स प्रणालीने हे रूपच उचलले. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या तिच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत ‘एलएस’ची नोंद आहे. त्या काळी वापरात असलेले टेलिटाइप यंत्र सेकंदाला दहा अक्षरे छापी. पन्नास फाइलींची नुसती नावे कागदावर उतरण्यास जवळजवळ एक मिनिट लागे. आज्ञा दोन अक्षरांत आटोपणे आणि उत्तरही मोजकेच असणे, ही त्या यंत्रांची गरज होती.

यूनिक्समध्ये निर्देशिका ही स्वतः एक फाइलच असते. तिच्यात फाइलींचा मजकूर नसून केवळ एक कोष्टक असते व त्यात प्रत्येक नावासमोर एक क्रमांक दिलेला असतो. प्रारंभीच्या काही आवृत्त्यांत अशी प्रत्येक नोंद १६ बाइटांची होती : क्रमांकासाठी २ व नावासाठी १४. हा क्रमांक ‘आय-नोड’ नावाच्या नोंदीचा असतो. फाइलीचा मालक, परवानग्या, आकारमान, बदलाची वेळ आणि चकतीवरील मजकुराची ठिकाणे ही सर्व माहिती आय-नोडमध्ये असते. नाव मात्र तेथे नसते. त्यामुळे एकाच फाइलीला दोन किंवा अधिक नावे असू शकतात आणि ती सारखीच खरी असतात. ‘एल’ हा पर्याय जोडून मागविलेल्या दीर्घ यादीत परवानग्यांनंतर जो आकडा दिसतो, तो या नावांची संख्या होय. फाइल पुसण्याची आज्ञा प्रत्यक्षात केवळ एक नाव खोडते. ही संख्या शून्यावर येऊन ती फाइल उघडून बसलेला एकही कार्यक्रम उरला नाही, म्हणजेच चकतीवरील जागा मोकळी होते. मोठी फाइल यादीतून नाहीशी झाली, पण चकती भरलेलीच राहिली, या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बहुधा येथे असते.

दीर्घ यादीतील प्रत्येक ओळीच्या आरंभी दहा चिन्हे असतात. पहिले चिन्ह ‘डी’ असल्यास ती निर्देशिका, आडवी रेघ असल्यास साधी फाइल होय. पुढील तीन त्रिके मालक, गट व इतर यांच्या वाचन, लेखन आणि चालविणे या परवानग्या अनुक्रमे ‘आर’, ‘डब्ल्यू’ व ‘एक्स’ या अक्षरांनी दाखवितात. निर्देशिकेच्या बाबतीत यांचे अर्थ बदलतात. वाचन म्हणजे नावांची यादी पाहणे, तर ‘एक्स’ म्हणजे त्या नावांमागील फाइलींपर्यंत पोचणे. केवळ ‘एक्स’ असेल, तर यादी मिळत नाही. परंतु नाव ठाऊक असलेली फाइल उघडता येते. याहून महत्त्वाचे म्हणजे फाइल पुसण्याचा अधिकार त्या फाइलीच्या परवानगीवर नव्हे, तर निर्देशिकेच्या लेखन व ‘एक्स’ परवानग्यांवर अवलंबून असतो. ‘केवळ वाचनासाठी’ अशी खूण पाहून फाइल सुरक्षित मानणारा येथे फसतो. सर्वांना खुल्या असलेल्या तात्पुरत्या निर्देशिकांवर म्हणूनच एक जादा खूण (यादीत ‘टी’ हे अक्षर) करतात व दुसऱ्याची फाइल पुसण्यास प्रतिबंध करतात.

ठिपक्याने आरंभ होणारी नावे साध्या यादीत दिसत नाहीत. ती पाहण्यासाठी ‘ए’ हा पर्याय द्यावा लागतो. हा नियम विचारपूर्वक ठरविलेला नव्हता. चालू निर्देशिका दर्शविणारा एक ठिपका आणि वरची निर्देशिका दर्शविणारे दोन ठिपके एवढ्याच नोंदी वगळावयाच्या होत्या. परंतु कार्यक्रमात केवळ पहिले अक्षर तपासले गेले, असे रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये लिहिले आहे. पुढे असंख्य कार्यक्रमांनी आपल्या जुळणीच्या फाइली या आडोशाला ठेवल्या. न दिसणारी फाइल गुप्त असतेच असे मात्र नाही.

एमएस-डॉसच्या १९८१ मधील पहिल्या आवृत्तीत उपनिर्देशिकाच नव्हत्या. त्या १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत आल्या. तेथील नाव आठ व प्रत्यय तीन अक्षरांचा असे.

यादी माणसासाठी असते, दुसऱ्या कार्यक्रमासाठी नव्हे. यूनिक्समध्ये फाइलीच्या नावात मोकळी जागाच काय, नवी ओळ सुरू करणारे चिन्हही चालते. अशा एका नावाच्या दोन ओळी होतात आणि यादी वाचून फाइली पुसणारा कार्यक्रम भलतीच फाइल पुसू शकतो. लिनक्सवर सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या ग्नू ‘एलएस’मध्ये २०१६ पासून अशी नावे पडद्यावर अवतरणचिन्हांत दाखविली जातात.

नावांचा क्रम भाषेच्या जुळणीनुसार बदलतो. युनिकोड संकेतांच्या क्रमाने लावल्यास ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो, मराठी वर्णमालेत त्याचे स्थान ‘ह’नंतर आहे. देवनागरी नावांवर लांबीची मर्यादाही अधिक कडक पडते. लिनक्सच्या प्रचलित ईएक्सटी४ पद्धतीत नाव २५५ बाइटांपर्यंत असू शकते. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेत असल्याने ८५ चिन्हेच मावतात. काना, मात्रा, अनुस्वार व हलन्त ही त्यांत स्वतंत्र मोजली जातात. ‘क्ष’ या एका जोडाक्षराला ९ बाइट लागतात.