तारीख आधी, कॅमेरा नंतर

पडद्यामागचं काम : भाग ७

गेल्या आठवड्यात आपण युनिटमधली माणसं पाहिली: दिग्दर्शक, डीओपी, साउंड रेकॉर्डिस्ट, संकलक आणि या सगळ्यांचा हिशेब सांभाळणारा प्रॉडक्शन मॅनेजर. आज या माणसांचं काम कोणत्या क्रमाने पुढे सरकतं ते पाहू. त्यासाठी एक काल्पनिक, पण आपल्याकडे सहज शोभणारं काम घेऊ. एका सहकारी साखर कारखान्याचा सुवर्णमहोत्सव आहे. त्यानिमित्त आठ मिनिटांची माहितीफिल्म करायची आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांना दाखवायची.

सभा सप्टेंबरअखेर. संचालक मंडळाला फिल्मची आठवण होते जुलैत. ‘दोन महिने आहेत की अजून,’ असं कार्यकारी संचालक म्हणतात आणि त्यांचं चुकतं असंही नाही, कारण आठ मिनिटांच्या फिल्मला दोन महिने पुरतात. अडचण वेगळीच असते. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलात आटोपतो. जुलैत मिल उघडून ठेवलेली, बॉयलर थंड, गव्हाण रिकामी आणि ऊसतोडीच्या टोळ्या केव्हाच गावी परतलेल्या. ज्या दृश्यांवर फिल्म उभी राहायची, त्यांतलं एकही त्या वेळी कारखान्यात नसतं.

म्हणून जाणता निर्माता कॅलेंडर उलटं वाचतो. सभेची तारीख धरून मागे यायचं. फाइल सभेच्या आठवडाभर आधी हातात हवी. त्याआधी रंगसंस्कार आणि ध्वनिमिश्रण, त्याआधी मंडळाच्या सूचना, त्याआधी पहिला कट. असं मोजत गेलं आणि गळीत हंगाम आटोपण्याआधीच शूट उरकायचं हे धरलं, की शूटची शेवटची तारीख फेब्रुवारीत येते आणि संहिता डिसेंबरात पक्की व्हावी लागते. या कामाचा फोन खरं तर आदल्या वर्षीच्या सभेनंतर लगेच यायला हवा.

पहिल्या बैठकीतले प्रश्न

पहिल्या बैठकीत कॅमेऱ्याची गोष्ट निघाली तर ती बाजूला ठेवावी. आधी विचारायचं ते हे: फिल्म कुठे दिसणार? उत्तर आलं, ‘कारखान्याच्या पटांगणात, मांडवात, भरदुपारी.’ एवढ्या एका वाक्याने पुढचे निम्मे निर्णय होतात. मांडवातल्या उजेडात प्रोजेक्टरचं चित्र फिकट पडतं, म्हणजे एलईडी वॉल लागणार. गडद, सावल्यांनी भरलेली दृश्यं तिथे टिकणार नाहीत. निवेदन सावकाश आणि स्पष्ट हवं, कारण मागच्या रांगेत भोंग्यातून ऐकू येणार आहे. तीच फिल्म मोबाइलवरही पाठवायची असेल तर उभ्या चौकटीची वेगळी आवृत्ती आजच ठरवावी. आडवं चित्र नंतर कापून उभं करताना कडेची माणसं चौकटीबाहेर जातात.

दुसरा प्रश्न: अंतिम होकार कोणाचा? एकवीस संचालक असतील तर एकवीस मतं येणारच. त्यांतल्या एकाचंच नाव लेखी ठरवून घ्यावं. बाकीच्यांनी आपलं म्हणणं त्यांच्याकडे द्यायचं आणि युनिटकडे एकच यादी यायची. दुरुस्तीच्या फेऱ्या किती, हेही करारात लिहावं. साधारणपणे दोन फेऱ्या ठरलेल्या रकमेत असतात, तिसरीचे पैसे वेगळे. पैशांचे हप्तेही टप्प्यांना बांधलेले बरे: काही रक्कम आगाऊ, काही पहिल्या कटला, उरलेली मास्टर फाइल देण्यापूर्वी.

रेकी, परवानग्या, कॉल शीट

संहिता मंजूर झाली की रेकी, म्हणजे शूटच्या जागेची आगाऊ पाहणी. कारखान्यात ही एक फेरी चुकवली की शूटच्या दिवशी ती महागात पडते. मिल हाउसमध्ये इतका आवाज असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणजे चीफ केमिस्टची मुलाखत तिथे होणार नाही. ती गेस्ट हाउसमध्ये घ्यायची आणि मिलचा आवाज वेगळा टिपून नंतर पार्श्वभूमीला लावायचा. हवेत बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा भुसा उडत असतो, म्हणून लेन्स बदलायची ती बाहेर, गाडीत बसून. आतले दिवे ५० हर्ट्झच्या विजेवर चालतात. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं तर चित्र स्थिर राहतं, भलतं शटर लावलं की त्या दिव्यांखाली चित्र लुकलुकण्याचा धोका असतो. हे निर्णय रेकीत झाले नाहीत तर एडिट टेबलावर त्यांना इलाज फार थोडा उरतो.

परवानग्याही याच वेळी पाहायच्या. ड्रोनसाठी २०२१चे नियम आहेत. सरकारी नकाशात हवाई क्षेत्र हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगात दाखवलेलं असतं. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पण व्यावसायिक कामासाठी प्रमाणपत्रधारक रिमोट पायलट हवा. अगदी छोट्या, पाव किलोपर्यंतच्या नॅनो ड्रोनलाच त्यातून सूट आहे. संगीताचंही तसंच. चेअरमनसाहेबांना जुनं चित्रपटगीत पार्श्वभूमीला हवं असतं. पण गाण्यात गीत-संगीताचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. दोन्ही मिळवायचे, नाहीतर नवी धून करून घ्यायची.

आदल्या संध्याकाळी सर्वांच्या फोनवर कॉल शीट जाते. त्यात कोणी किती वाजता, कुठे पोहोचायचं, कोणता प्रसंग आधी, नाश्ता कुठे, जवळचं हॉस्पिटल कोणतं, कारखान्यातला संपर्क कोण, हे सगळं असतं. ऊसतोडीचं दृश्य पहाटे, कारण फडात काम तेव्हाच सुरू होतं आणि उजेडही तेव्हाच हवा तसा असतो. मिल दुपारी, कारण आत ऊन-सावलीचा फरक पडत नाही. संहितेतला क्रम शूटला लागू होत नाही. उजेड, जागा आणि माणसांची सवड यांवर दिवस आखला जातो आणि बारा तासांची शिफ्ट संपली की ओव्हरटाइमचं मीटर सुरू होतं.

तीन प्रती

शूटमधलं सर्वांत कमी दिसणारं काम कार्डं रिकामी करणाऱ्याचं. सेकंदाला ४०० मेगाबिट वेगाने फोर-के चित्रण केलं तर मिनिटाला ३ जीबी, म्हणजे तासाला १८० जीबी होतात. तीन दिवस, रोज दोन तासांचं फुटेज धरलं तरी टेराबाइट उलटून जातो. आणि तो एकदा साठवून भागत नाही. नियम असा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. प्रती पडताळून झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, कितीही घाई असली तरी.

हा नियम भीतीपोटी केलेला नाही. १९९८ साली पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या बहुतेक फाइली पुसल्या गेल्या. बॅकअप उघडला, तर तो काही काळ नीट होतच नव्हता. गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिका बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तिच्यामुळे काम सावरलं. जगातल्या नामांकित स्टुडिओला जे नशिबाने मिळालं, ते आपण काही हजार रुपयांच्या हार्ड डिस्कने मिळवू शकतो.

कट, मग कुलूप

संकलनात आधी जोडणी, मग रफ कट, मग फाइन कट. मंडळाला रफ कट दाखवताना आधीच सांगावं की रंग कच्चे आहेत, निवेदन तात्पुरतं आहे, आज फक्त मजकूर आणि क्रम पाहा. तरीही पहिली सूचना येते ती रंगांवरच. सूचना मागायच्या त्या टाइमकोडसह. ‘मधला भाग जरा रटाळ वाटतो’ यावर संकलक काय करणार? ‘२ मिनिटं १४ सेकंदांपासून इथेनॉल प्रकल्पाचे आकडे दोनदा येतात’ यावर दहा मिनिटांत काम होतं.

सूचना संपल्या की पिक्चर लॉक. यानंतर एक फ्रेमही हलणार नाही, असं ठरलेल्या माणसाने लेखी कळवायचं. कारण इथून रंगसंस्कार आणि ध्वनिमिश्रण वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या माणसांकडे सुरू होतं. लॉकनंतर चार सेकंदांचं दृश्य काढलं तर पुढचं सगळं संगीत चार सेकंद सरकतं, निवेदन चित्रापासून सुटतं आणि तिघांचं काम पुन्हा करावं लागतं. संहितेत ओळ बदलायला पेन पुरतं, शूटनंतर तीच ओळ बदलायला पॅचवर्कचा, म्हणजे जास्तीच्या शूटचा दिवस लागतो आणि लॉकनंतर आख्खी साखळी. व्यवस्थापनाचं सगळं कौशल्य प्रत्येक निर्णय त्याच्या स्वस्त टप्प्यावर बंद करण्यात आहे.

मराठी कामात एक जास्तीची पायरी असते: नावांच्या पाट्या. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी चालू केलेली नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर उमटते आणि जोडाक्षरं सुटी होतात. ‘चिटणीस’ पडद्यावर भलतंच काही होऊन येतात. सर्व नावं कारखान्याच्या लेटरहेडवर टाइप करून, सहीसह मागवावीत आणि संकलकाखेरीज दुसऱ्या कोणीतरी ती मोठ्याने वाचून तपासावीत. फिल्मचं कौतुक सभासद विसरतील, नावातली चूक संचालक विसरत नाहीत.

हस्तांतर

आठ मिनिटांची प्रोरेस एचक्यू मास्टर फाइल फुल एचडीत सुमारे ११ जीबी भरते. मांडवातल्या लॅपटॉपसाठी ती नको, तिथे सव्वा जीबीची एमपी-फोर पुरे. पण कोणी मास्टरच न्यायला निघालं आणि पेन ड्राइव्ह एफएटी-३२ असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल चढतच नाही, हे सभेच्या सकाळी कळू नये. आदल्या दिवशी त्याच लॅपटॉपवर, त्याच वॉलवर, त्याच भोंग्यांवर फिल्म सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहायची.

मास्टरसोबत आणखी दोन गोष्टी द्याव्यात. निवेदन, संगीत आणि इतर आवाज यांचे सुटे ट्रॅक, म्हणजे उद्या हिंदी आवृत्ती करायची तर फक्त निवेदन बदलेल. आणि पाट्या नसलेली एक कोरी प्रत. सहकारात निवडणूक येतच असते, नव्या मंडळाला नव्या नावांनिशी हीच फिल्म लागेल आणि त्या दिवशी कोणी रिकामी चौकट शोधत बसणार नाही.

(पुढच्या आठवड्यात : मिलचा आवाज वेगळा का टिपायचा? ध्वनिमुद्रणाची गोष्ट)