वाकळ

वाकळ हे जुन्या सुती कापडांचे थर एकावर एक रचून हाताने शिवलेले अंथरूण-पांघरूण होय. प्रमाण मराठीत यास गोधडी म्हणतात. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यासह मराठवाड्याच्या ग्रामीण भागात वाकळ हा शब्द अधिक रुळलेला आहे. रजईत पिंजलेला कापूस भरलेला असतो, वाकळीत मात्र कापडाखेरीज काहीही नसते. विटलेल्या वस्तूला अधिक उपयोगी रूप देण्याच्या पद्धतीस १९९०च्या दशकात 'अपसायकलिंग' हे नाव मिळाले. वाकळ हे तिचे कितीतरी जुने, घरगुती उदाहरण आहे. मात्र येथे ती आवडीची निवड नव्हती, गरज होती.

कापडाचा क्रम

जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर नगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तगराहून भडोच बंदराकडे जाडेभरडे कापड आणि मलमल जात असल्याचा उल्लेख आहे. कापडाशी या प्रदेशाचा संबंध असा जुना असला, तरी कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात ते कायम मोलाचेच राहिले.

नऊवारी लुगडे मध्यभागी विरले की तो भाग कापून टाकीत आणि उरलेले दोन तुकडे जोडून पुन्हा नेसत. यास दंड घालणे म्हणतात. दंडाचे लुगडेही फाटले की त्याच्या धडक्या भागातून मुलीचे परकर-पोलके किंवा तान्ह्या बाळाचे दुपटे निघे. धुऊन मऊ झालेले सुती कापड नव्या कापडासारखे टोचत नसल्याने बाळासाठी जुनेच पसंत केले जाई. त्यानंतर वाकळीची पाळी येई. वाकळीतूनही जे उरे त्याची डोक्यावरच्या घागरीखाली ठेवायची चुंबळ होई, शेवटी सारवणाचे पोतेरे किंवा काकडा. या क्रमात टाकून देण्याची पायरी जवळजवळ नव्हतीच.

घडण

शिवणकाम बहुधा सुगीनंतरच्या उघडिपीत होते. शर्ट-सदऱ्यांच्या शिवणी उसवून, गुंड्या काढून ते सपाट करतात. अंगणात एक धड लुगडे अंथरून कडांवर दगड ठेवतात, त्यावर धोतरे, जुने कपडे आणि तुकडे पसरतात. पोकळ जागा राहू नये म्हणून तुकडे कमी-जास्त करणे हेच खरे कौशल्याचे काम आहे, कारण थर असमान पडले तर वाकळ एका बाजूस गोळा होते. वरून दुसरे लुगडे घालून कच्चे टाके घेतात, कडेला गोट लावतात. मग जाड सुईने कडेपासून आत, एकाला लागून दुसरी अशा धावदोऱ्याच्या ओळी घालत मध्याकडे येतात. दोन-तीन बायका वेगवेगळ्या बाजूंनी बसल्या तरी काम कित्येक दिवस चालते. उत्तर कर्नाटकातील सिद्दी समाजाची कवंदी याच कुळातील असून तिच्या कोपऱ्यांवर त्रिकोणी कापडी फुले असतात.

कोणते लुगडे वर घ्यायचे हे ठरविताना केवळ टिकाऊपणा पाहिला जात नाही. निवर्तलेल्या आजीचे लुगडे नातवंडांच्या वाकळीवर घेण्याची रीत अनेक घरांत आहे. उलट, वाकळ ही दारिद्र्याची खूणही मानली गेली. संत गाडगेबाबांना त्यांच्या चिंध्यांच्या वेशावरून लोक गोधडेबुवा म्हणत.

बोहारीण

वाकळीत न बसणारे कपडे बोहारणीकडे जातात. ती दारोदार फिरून जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देते. साड्यांच्या संख्येवरून आणि जरीच्या काठावरून होणारी घासाघीस हा या व्यवहाराचा अविभाज्य भाग होय. घरमालकिणीस पातेले मिळते. बोहारीण मात्र कपडे निवडणे, धुणे, दुरुस्त करणे यांचे श्रम आणि न खपण्याचा धोका स्वतःच्या शिरावर घेते. नीट केलेले कपडे पुण्याच्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणी विकले जातात व मजूर कुटुंबे ते घेतात. पुनर्वापराच्या चर्चेत या स्त्रियांचा उल्लेख क्वचितच होतो.

देशातून व परदेशांतून गोळा झालेले जुने लोकरीचे कपडे हरियाणातील पानिपत येथे पिंजून पुन्हा सूत काढले जाते आणि त्याची स्वस्त ब्लँकेटे होतात. आठवडी बाजारातील अशाच ब्लँकेटांनी वाकळीची गरज बरीच कमी केली, म्हणजे एका प्रकारच्या पुनर्वापराने दुसऱ्यास मागे सारले.

सद्यस्थिती

वाकळीपुढील मोठी अडचण कापडाचीच आहे. पॉलिस्टरच्या साड्या लवकर विरत नाहीत, पण घाम शोषत नाहीत, थरांत सरकतात आणि पेटल्यास वितळून अंगाला चिकटतात. त्यामुळे कपाटे जुन्या साड्यांनी भरलेली असूनही वाकळीजोगे कापड मिळत नाही, अशी विचित्र स्थिती झाली आहे.

दुसरी अडचण पाण्याची. घटस्थापनेपूर्वी घरातील सर्व अंथरुणे-पांघरुणे धुण्याची प्रथा आहे. भिजलेली वाकळ एकट्याने उचलवत नाही, म्हणून ती नदी-ओढ्यावर नेत. अवर्षणाच्या वर्षी ओढेच कोरडे असतात. पाण्याचा हिशेब मात्र दुसऱ्या बाजूनेही मांडता येतो: एक किलो सुती कापडामागे शेतापासून कारखान्यापर्यंत जागतिक सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी लागते, आणि जुन्या कापडासाठी ते आधीच खर्च झालेले असते.

शहरांत गोधडीस आता शोभेची वस्तू म्हणून मागणी आहे. त्यांपैकी काही गोधड्या नव्या कापडाचे तुकडे करून यंत्रावर शिवलेल्या असतात. त्यांस पुनर्वापर म्हणणे कठीण आहे. हाताने शिवून देणाऱ्या स्त्रिया गावोगावी अजूनही आहेत. जुने कापड गिऱ्हाइकाने आणायचे आणि शिलाईचे पैसे द्यायचे, अशी त्यांची पद्धत असते. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांच्या कोपीत मात्र वाकळ आजही शोभेसाठी नसते. थंडीच्या हंगामात जमिनीवर अंथरायला आणि अंगावर घ्यायला तीच असते.